कमानीआधी वेटोळं बघा: प्राचीन इटलीतल्या काशाच्या पिना कशा घडत

आमच्या आईच्या बांगड्यांमध्ये कायम दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असायच्या. पदर घसरला, ब्लाउजचं हुक तुटलं, परकराची नाडी आत गेली, की तिचा हात आपसूक मनगटाकडे जायचा. अशी एखादी पिन आत्ता हाताशी असेल तर उघडून समोर ठेवा. पुढचं सगळं समजायला तेवढं पुरे आहे.

पिनेत बघण्यासारख्या चार गोष्टी आहेत. एक सुई. सुईच्या मुळाशी तारेचं गोल वेटोळं. वेटोळ्यातून निघून सुईच्या समांतर परत आलेली दांडी. आणि दांडीच्या टोकाला सुईचं टोक झाकून धरणारी टोपी. टोपी सोडली तर सगळी एकच तार आहे, कुठेही जोड नाही. अमेरिकेतल्या वॉल्टर हंट यांनी १० एप्रिल १८४९ रोजी या पिनेचं पेटंट घेतलं आणि हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. स्प्रिंग आणि पकड दोन्ही एकाच तारेतून काढायची, हा त्यांच्या दाव्याचा गाभा होता. हंट कल्पक होते यात शंका नाही. पण हीच रचना, एकाच धातूच्या तुकड्यातून काढलेले हेच चार भाग, इटलीतल्या माणसांच्या खांद्यावर त्यांच्या तीन हजार वर्षं आधी होते.

पुरातत्त्वाचे अभ्यासक या जुन्या पिनेला फिब्युला म्हणतात. शब्द लॅटिन आहे आणि तुम्ही तो बहुधा हाडांच्या डॉक्टरांकडे ऐकला असेल. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, जाडजूड टिबिया आणि तिच्या कडेने जाणारं बारीक फिब्युला. दोन्ही हाडं शेजारी शेजारी पाहिली की कमान आणि तिला लागून असलेली सुई दिसते, म्हणून शरीरशास्त्रात त्या बारीक हाडाला पिनेचं नाव पडलं. हाड नंतरचं, पिन आधीची.

फिब्युलाच्या भागांना आपण साधी मराठी नावं देऊ. वरचा वाकलेला, दिसणारा भाग ती कमान. मागचं वेटोळं म्हणजे स्प्रिंग. कापडातून जाते ती सुई. आणि पुढच्या बाजूला धातू चपटा करून, त्याची कड दुमडून केलेली सुई अडकवायची जागा, तिला खोबण म्हणू. संग्रहालयाच्या काचेमागे या पिना रांगेने मांडलेल्या असतात आणि बघणाऱ्याची नजर कमानीवर जाते, कारण नक्षी तिथे असते. मी मात्र सगळ्यांना आधी वेटोळं बघायला सांगते. कारागिराची खरी परीक्षा तिथे झालेली असते.

शिवण नाही, म्हणून पिन

त्या काळच्या इटलीत कापड उभ्या मागावर विणलं जायचं. ताण्याचे धागे वरच्या आडव्या काठीला बांधून खाली सोडलेले आणि ताणासाठी त्यांना मातीची वजनं लटकवलेली. ही वजनं आणि सूत कातायच्या चात्यांचे मातीचे चकले उत्खननात जागोजागी सापडतात. मागावरून उतरलेलं कापड फारसं न कापता, न शिवता अंगावर घेतलं जाई. बायका ते खांद्यावर टाचून घेत, पुरुष पांघरुणासारखं ओढून खांद्याशी किंवा छातीशी अडकवत.

न शिवलेलं कापड नेसणं आपल्याला नवं नाही. पण आपण ते खोचून, निऱ्या घालून, कासोटा मारून अंगावर टिकवतो. नऊवारी लुगड्याला मुळात पिनेची गरजच नाही. सुती कापड पातळ असतं, त्याची गाठ बसते, खोचलेलं राहतं. आता तेच घोंगडीशी करून बघा. जाड लोकरीची गाठ फुगते आणि सुटते. इटलीत अंगावर मुख्यतः लोकर होती, थोडं लिनन. लोकरीच्या विणीत मात्र सुई सहज वाट काढते. धागा तुटत नाही, बाजूला सरकतो, आणि सुई काढली की वीण बरीचशी मिटते. त्यामुळे आपल्याला जाड आणि बोजड वाटणाऱ्या त्या सुया कापडाची नासाडी करत नसत.

फिब्युलाच्या आधी साध्या सरळ टाचण्या होत्या, एका टोकाला गोळा किंवा नक्षीचं डोकं असलेल्या. त्यांची अडचण उघड आहे. माणूस चालला, वाकला, की टाचणी निसटते. काही टाचण्यांना डोक्याजवळ भोक असे. तिथे दोरा बांधून तो टोकाला गुंडाळला की टाचणी जागेवर राही. दोऱ्याच्या जागी धातूच परत वळवून आणावा, ही पुढची उडी. कोणी, कुठे घेतली यावर अभ्यासकांत वाद आहे, कारण सगळ्यात जुन्या फिब्युला उत्तर इटलीत आणि मायसीनी, म्हणजे काशाच्या युगाच्या शेवटच्या काळातल्या, ग्रीसमध्ये साधारण एकाच काळात, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात दिसतात. उत्तर इटलीत गार्दा सरोवराच्या काठावर पेस्किएरा नावाचं गाव आहे. तिथल्या पाण्यात बुडालेल्या वस्तीतून आलेल्या पिनांवरून या पहिल्या प्रकाराला पेस्किएराचं नाव मिळालं. दिसायला ती व्हायोलिनच्या गजासारखी असते. दांडी जवळजवळ सरळ, सुई तिला समांतर, मधे बोटभरसुद्धा जागा नाही. आजच्या सेफ्टी पिनेच्या सगळ्यात जवळची फिब्युला हीच.

सरळ दांडीत जाड कापडाचा चुन्या पडलेला गठ्ठा मावत नाही. म्हणून पुढच्या शतकांत दांडी उचलत गेली आणि कमान झाली. नक्षीला मोठी जागा मिळाली ती त्यामुळे.

धातू लवचीक कसा होतो

आता मुख्य प्रश्न. तांब्याची तार वाकवली की वाकलेलीच राहते. मग धातूची सुई दाबल्यावर परत कशी येते?

आधी धातूबद्दल. फिब्युला काशाच्या, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रणाच्या. आपल्या घरातली तळपाय घासायची काशाची वाटी त्याच घराण्यातली. पण त्या वाटीच्या काशात परंपरेने सुमारे २२ टक्के कथील असतं. असं कासं थंड असताना ठोकलं तर तडकतं, ते लालभडक असतानाच घडवावं लागतं. फिब्युलाच्या काशात कथील बरंच कमी, बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून थोडं खाली. इतक्या कथिलाचं कासं थंडपणी हातोडीखाली पसरतं, आणि नेमकं हेच हवं असतं.

धातूच्या आत अणू थरांवर थर असे नीट रचलेले असतात. पत्त्यांची नवी गड्डी ढकलली की पत्ते एकमेकांवरून सरकतात, तसे वाकवताना हे थर सरकतात. नुसत्या तांब्यात ते फार सहज सरकतात, म्हणून तांबं मऊ. कथिलाचा अणू तांब्याच्या अणूहून मोठा असतो. तो थरांमध्ये वाळूच्या खड्यासारखा बसतो आणि सरकणं अवघड करतो. हा झाला पहिला कडकपणा. दुसरा हातोडीतून येतो. थंड धातू ठोकत गेलं की सरकलेले थर एकमेकांत अडकतात, गुंता वाढतो, आणि आणखी सरकायला जागा उरत नाही. ठोकून कडक केलेलं असं कासं मऊ काशाच्या दुपटीहून जास्त कठीण होऊ शकतं. वाकवण्याचा जोर थोडा असेल तर थर सरकतच नाहीत, फक्त ताणले जातात आणि जोर काढला की मूळ जागी येतात. यालाच आपण लवचीकपणा म्हणतो.

हे घरी बघता येतं. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची दीड-दोन मिलिमीटर जाडीची तार मिळते. वरचं आवरण पॉलिश पेपरने घासून काढा. वीतभर लांबीचे दोन तुकडे घ्या. एक तसाच ठेवा. दुसरा लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने, फिरवत फिरवत, सगळीकडून ठोका. मग दोन्ही तुकडे जाड खिळ्याभोवती एकेक वेढा देऊन पिनेसारखे वाकवा आणि टोकं दाबून सोडा. पहिली पिन दाबलेलीच राहील. दुसरी परत उघडेल. फार नाही, पण उघडेल, आणि ते बोटांना कळेल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ठोकताना तार हळूहळू हट्टी होत गेलेली हाताला जाणवली. पुस्तकातल्या दोन पानांनी जे समजलं नव्हतं ते त्या दहा मिनिटांत समजलं. आता तीच ठोकलेली तार पकडीत धरून गॅसवर लाल करा आणि पाण्यात बुडवा. ती पुन्हा मऊ झालेली असेल.

लोहाराच्या कामाची माहिती असलेल्याला इथे अडखळायला होतं. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, त्यालाच आपण पाणी पाजणं म्हणतो. तांबं आणि कमी कथिलाचं कासं त्याच्या उलट वागतं. लाल केल्यावर आतला गुंता सुटतो, कण नव्याने रचले जातात, आणि पाण्यात बुडवलं काय की हवेत निवू दिलं काय, धातू मऊच राहतो. फिब्युला घडवणाऱ्याचं सगळं कौशल्य या दोन टोकांमध्ये होतं. ठोकून कडक, ताव देऊन मऊ, आणि कुठे थांबायचं हे हाताला माहीत.

एका पिनेचा प्रवास

साध्या कमानीची एक फिब्युला घडताना बघू.

कोळशाच्या भट्टीत मातीची मूस, तिच्यात तांबं आणि कथील, किंवा बऱ्याचदा मोडीचं जुनं कासं. शुद्ध तांबं १,०८५ अंश सेल्सियसला वितळतं. दहा टक्के कथील मिसळलं की हजार अंशांच्या आसपासच रस पूर्ण पातळ होतो. भात्याने वारा घालणाऱ्याचे ते वाचलेले अंश म्हणजे मोठी सोय. मध्य इटलीत तस्कनीच्या टेकड्यांमध्ये तांब्याचं खनिज आहे, आणि त्याच भागात मोन्ते वालेरिओजवळ कथिलाचंही. एकाच मुलखात दोन्ही मिळणं दुर्मीळ. कथील दूरवरूनही येत असणार, कारण युरोपात ते मोजक्याच ठिकाणी सापडतं.

रस साच्यात ओतून एक कांडी मिळते. मधे जाड, टोकांकडे निमुळती. ओतारी ती थेट कमानीच्या आकारातही ओतू शकतो. आता एक टोक सुईचं. ते ऐरणीवर ठोकून लांबवायचं. काही फेऱ्या ठोकलं की धातू कडक होतो आणि आणखी ठोकलं तर चीर जाईल. म्हणून ताव द्यायचा, निवू द्यायचं, पुन्हा ठोकायचं. असं पुन्हा पुन्हा, जाड टोकातून दोन-तीन मिलिमीटरची लांब तार निघेपर्यंत. ती गोल राहावी म्हणून प्रत्येक घावानंतर कांडी थोडी फिरवायची.

दुसरं टोक खोबणीचं. ते ठोकून पातळ पत्र्यासारखं करायचं, कडा कापून सारख्या करायच्या आणि एक कड वर वळवून पन्हळ करायची. सुईचं टोक त्यात बसणार.

नक्षी करायची तर ती वेटोळं घालण्याआधी करणं सोयीचं, कारण तेव्हा कमान सगळीकडून हाताला येते. आडव्या रेघांचे पट्टे, नागमोडी, त्रिकोण, एकात एक वर्तुळं. काही कमानी पिळाच्या दिसतात. त्यासाठी चौकोनी कांडी तापवून मऊ करायची आणि दोन्ही टोकं धरून पिळायची. चौकोनाच्या चार धारा चार दोरांसारख्या गुंफल्या जातात. बघणाऱ्याला वाटतं किती बारीक कोरलंय, पण करणाऱ्याला ते एका पिळात मिळतं.

मग तो क्षण येतो. सुईची तार एका बारीक सळईभोवती वळवून एक किंवा दोन वेढे द्यायचे. तार फार कडक असेल तर वळताना बाहेरच्या बाजूने फाटते. फार मऊ असेल तर वळते छान, पण स्प्रिंग होत नाही. वळणं ही स्वतःच एक प्रकारची ठोकणी असल्यामुळे वेटोळं वळता वळता थोडं कडक होतं. बाकीचं काम ताव न देता केलेल्या शेवटच्या ठोकणीचं. यानंतर आगीकडे वळायचं नाही. एकदा तापवलं की सगळा लवचीकपणा गेला.

वेटोळंच का? नुसती तार दुमडली तर काय बिघडतं? दुमडलेल्या तारेत सगळं वाकणं एका ठिकाणी जमा होतं, तिथले थर सरकतात आणि पिन सैल पडते, पुढे तुटते. वेढा दिला की तेच वाकणं तारेच्या लांबीभर वाटलं जातं. पाच मिलिमीटरच्या सळईभोवती दोन मिलिमीटर तारेचा एक वेढा म्हणजे जवळपास २२ मिलिमीटर तार. पिन उघडताना त्यातला प्रत्येक मिलिमीटर अगदी थोडा वाकतो, इतका थोडा की थर सरकत नाहीत. दोन वेढे दिले की तीच सुई तितक्याच धोक्यात दुप्पट उघडते. हे गणित त्या कारागिराने मांडलेलं नव्हतं. पण तुटलेल्या पिना त्याच्याकडे परत येत होत्या आणि कुठे तुटतात हे त्याला दिसत होतं.

शेवटी दगडाने, वाळूने घासून चकाकी. नवं कासं सोन्याच्या जवळ जाणारं पिवळं असतं. काचेमागे दिसणारा हिरवा रंग जमिनीखालच्या शतकांनी दिलेला. वापरणाऱ्याच्या खांद्यावर ती पिन पिवळीधमक चमकत होती.

जळू आणि होडी

इसवी सनापूर्वी नवव्या-आठव्या शतकापर्यंत कमान फुगत गेली. मधे जाड, दोन्हीकडे निमुळती, अशा प्रकाराला इटालियन अभ्यासक जळू म्हणतात, आणि रक्त पिऊन टम्म झालेली जळू ज्याने पाहिली आहे त्याला नाव समजावून सांगावं लागणार नाही. खालून उघडी आणि आतून पोकळ असलेली ती होडी.

एवढी जाड कमान भरीव ओतली तर वजनाने कापड ओघळतं, कासं वाया जातं, आणि जाड ओतकाम निवताना आत पोकळ्या पडतात. म्हणून इथे मेणाची रीत वापरली गेली. मातीचा छोटा गाभा करायचा, वाळवायचा. त्यावर मेणाचा थर चढवून जळूचा आकार द्यायचा. मेण मऊ असताना रेघा ओढायच्या. दोन्ही टोकांना सुईसाठी आणि खोबणीसाठी मेणाच्या जाडसर शेपट्या ठेवायच्या. धातूच्या बारीक काड्या मेणातून गाभ्यात खुपसायच्या, म्हणजे मेण गेल्यावर गाभा अधांतरी राहणार नाही. वरून मातीचे लेप. तापवलं की मेण वाहून जातं आणि त्याच्या जागी रस ओतायचा. साचा फोडला की कमान तयार, आणि शेपट्या ठोकून सुई आणि खोबण काढायची.

म्हणजे एकाच वस्तूत दोन धंदे आले. कमान ओताऱ्याची, सुई ठोकणाऱ्याची. दोघांना धातू मात्र वेगवेगळा हवा असतो. रसात शिसं घातलं तर तो पातळ होतो आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात शिरतो. पण शिसं काशात मिसळत नाही, त्याचे वेगळे थेंब राहतात आणि ठोकताना तिथूनच चिरा जातात. पुतळ्याला शिसं चालतं, स्प्रिंगला नाही. फिब्युलाच्या मुशीत काय जातं याचा विचार भट्टी पेटवण्याआधीच करावा लागत होता.

हे आज कशावरून कळतं? क्ष-किरणांच्या चित्रात कमानीतला मातीचा गाभा आणि हवेचे बुडबुडे दिसतात. त्याहून जास्त सांगतो सूक्ष्मदर्शक. धातूचा कणभर तुकडा राळेत बसवून आरशासारखा घासतात आणि त्यावर सौम्य आम्लाचा हात फिरवतात. कमानीचा तुकडा असेल तर नेच्याच्या पानासारखे फाटे फुटलेले आकार दिसतात. रस निवताना कासं असंच गोठतं. सुईचा तुकडा असेल तर नेचे नाहीसे झालेले असतात. त्यांच्या जागी कोनाकोनाचे छोटे कण आणि त्यांवर बारीक समांतर रेघा. कण म्हणजे ठोकून ताव दिल्याची खूण, आणि रेघा म्हणजे शेवटचे घाव थंडपणी घातल्याची. कारागिराने हातोडी कधी खाली ठेवली ते तिथे उमटलेलं असतं.

कोणाच्या खांद्यावर

उत्तर इटलीतल्या बोलोन्या शहराजवळच्या व्हिल्लानोव्हा इथे १८५३ पासून जोव्हान्नी गोझादिनी यांनी दफनभूमी खणली आणि लोहयुगाच्या सुरुवातीच्या त्या संस्कृतीला गावाचं नाव मिळालं. रोमचं साम्राज्य होण्याआधी इटलीत नांदलेले, पुढे एट्रुस्कन म्हणून ओळखले गेलेले लोक ते हेच. तिथल्या आणि दक्षिणेकडे रोमच्या आसपासच्या कबरींत फिब्युला भरपूर सापडतात. रोमच्या पूर्वेला ओस्तेरिया देल्ल'ओसा इथे आन्ना मारिया बिएत्ती सेस्तिएरी यांनी सुमारे ६०० कबरी खणल्या. तिथे एक गोष्ट ठळक दिसते. पुरुषांसोबत नागमोडी वळणांची फिब्युला, बायकांसोबत गोल कमानीची. जाड, फुगलेल्या कमानी इटलीत सर्वसाधारणपणे बायकांच्याच. एखाद्या श्रीमंत बाईच्या कबरीत एकीला दुसरी अडकवलेल्या पिनांच्या माळाच असतात. मुलांच्या कबरीत इवल्याशा.

रिमिनीच्या मागच्या डोंगरावर वेरुक्यो आहे. तिथल्या मातीने लाकूड आणि कापडसुद्धा सांभाळलं. लिप्पी दफनभूमीतल्या ८९ क्रमांकाच्या कबरीतून लाकडी सिंहासन आणि लोकरीची पांघरुणं निघाली. वेरुक्योच्या फिब्युलांवर बाल्टिकच्या किनाऱ्याहून आलेला अंबर, म्हणजे झाडाचा दगड झालेला चीक, आहे, तांबूस मधाच्या रंगाचा, कमानीवर मण्यांसारखा ओवलेला किंवा कमानभर बसवलेला. पण मला तिथली सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट दुसरी वाटते. मृतदेह जाळून अस्थी मातीच्या कलशात ठेवत आणि त्या कलशाला कापड गुंडाळत, माणसाला नेसवावं तसं. ते कापड फिब्युलाने टाचत. अंग उरलेलं नाही, तरी वस्त्र नीट बसलं पाहिजे आणि पिन तिच्या जागी लागली पाहिजे.

त्या कापडाचा मागही पिनेमुळेच लागतो. काशाला जमिनीखाली गंज चढतो तेव्हा त्याचे क्षार जंतूंना मारतात आणि सुईला चिकटलेल्या धाग्यांत मुरून त्यांचा आकार जपतात. सगळं कापड कुजून जातं, पण वेटोळ्यापाशी नखाएवढा विणीचा ठसा उरतो. जुन्या काळी पिना घासून लख्ख करण्याची पद्धत होती आणि त्यात असे किती ठसे गेले असतील या विचाराने जीव कळवळतो. आज मार्गारिता ग्लेबा यांच्यासारख्या वस्त्र-अभ्यासक त्या नखाएवढ्या तुकड्यातून धाग्याचा पीळ डावा की उजवा, वीण साधी की तिरकी हे वाचतात.

फिब्युलाचा आणखी एक उपयोग तिच्या मालकांच्या ध्यानीमनी नसणार. ती कालमापक झाली. फॅशन भरभर बदलते, आणि कबर बंद झाली की तिथली फॅशन थांबते. स्वीडनचे ओस्कार मोंतेलियुस यांनी एकोणिसाव्या शतकात अशा पिना आकारांच्या क्रमाने मांडल्या. व्हायोलिनच्या गजानंतर साधी कमान, मग फुगलेली, मग जळू, मग लांब पायाची, म्हणजे खोबणीचं टोक पुढे लांबवलेली, होडी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात चेर्तोसा नावाची, बोलोन्यातल्या दफनभूमीवरून ओळखली जाणारी, पायाच्या टोकाला बोंड असलेली सुटसुटीत पिन आली आणि आल्प्सपलीकडेही गेली. अमुक कबरीत अमुक पिन म्हणजे अमुक शतक, असा अंदाज बांधता येऊ लागला. अर्थात सावध राहावं लागतं. आजीची पिन नातीच्या अंगावर असू शकते, आणि मग पिनेचं वय कबरीच्या वयाहून दोन पिढ्या जास्त भरतं.

रोमच्या संग्रहालयात प्रेनेस्तेची म्हणून ओळखली जाणारी एक सोन्याची फिब्युला आहे. तिच्यावर उजवीकडून डावीकडे कोरलंय: मानिओसने मला नुमासिओससाठी बनवलं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातलं हे लॅटिनच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. १८८७ मध्ये ती जगापुढे आली तेव्हापासून खरी की बनावट हा वाद चालला, आणि १९८० मध्ये मार्गेरिता ग्वार्दुच्ची यांनी ती बनावट असल्याचं ठामपणे मांडलं. २०११ मध्ये धातूच्या पृष्ठभागाची तपासणी झाली. सोन्यावर अतिसूक्ष्म स्फटिक वाढलेले दिसले, जे व्हायला शतकं लागतात, आणि ते कोरलेल्या अक्षरांच्या आतही होते. लेख खरा निघाला.

काशाच्या पिना इतक्या बोलक्या नसतात. त्यांच्यावर दुरुस्ती असते. सुई वेटोळ्यापाशी तुटली की कमानीच्या टोकाला भोक पाडून नवी सुई बसवत, कधी रिव्हेट मारून, कधी चक्क लोखंडाची. अशी पिन दिसायला ओबडधोबड होते आणि तिची स्प्रिंग पहिल्यासारखी राहत नाही. तरी ती वापरत होते, आणि मालकासोबत कबरीतही ठेवत होते.

दुरुस्तीपलीकडे गेलेल्या पिना मुशीत जात. बोलोन्यात १८७७ मध्ये सान फ्रान्चेस्को चर्चजवळ आन्तोनिओ झान्नोनी यांना जमिनीत पुरलेला एक प्रचंड रांजण सापडला. चेर्तोसाची दफनभूमी खणणारेही तेच. रांजणात चौदा हजारांवर काशाच्या वस्तू दाटून भरल्या होत्या, वजन सुमारे १,४०० किलो. कुऱ्हाडी, वस्तरे, विळे, धातूचे गठ्ठे, चुकलेल्या ओतकामाचे तुकडे, आणि हजारोंनी फिब्युला. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुरुवातीला कोणीतरी हे सगळं पुरलं ते पुन्हा वितळवण्यासाठी. तो माणूस परत आला नाही, आणि त्याची मोड आता बोलोन्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे.